पुढे पाठवलं म्हणजे म्हटलं

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. अकोटा, फतेहगंज, समा या भागांत तळमजले बुडाले, वीज गेली, कितीतरी सोसायट्यांमध्ये माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली. पाण्याबरोबर मगरी आल्या. विश्वामित्रीत त्या शेकड्यांनी आहेत आणि बडोदेकराला त्यात नवल नाही. पण अकोट्याकडे एका छपरावर बसलेली मगर, आणि दोघा तरुणांनी स्कूटरवरून वनखात्याच्या कचेरीत नेलेली मगर, ही दृश्यं देशभर फिरली. त्यांवर मजकूर चढले, गाणी चढली, त्यांची मीम्स झाली.

बाहेरगावच्या माणसाला ती पाहून हसू आलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. छपरावर मगर हे दृश्यच अजब. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र तेच चित्र आलं तेव्हा त्याखाली एवढंच लिहिलेलं होतं: ‘नवीन भाडेकरू. एनओसी बिल्डरने दिली आहे.’ ज्याच्या दिवाणखान्यात गुडघाभर चिखल होता त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. नदीच्या पात्राला खेटून उभे राहिलेले इमले, बुजवलेले ओढे आणि कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले), पाणी ओसरायच्या आत एकमेकांकडे बोट दाखवणारी खाती, हे सगळं त्या सहा शब्दांत होतं. चित्र तेच, हसूही तेच. पण तिकडे म्हटलं जात होतं ‘बघा काय गंमत’, आणि इकडे ‘बघा काय करून ठेवलंत’.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. मीम हे विधान असतं, आणि ते पुढे पाठवणारा माणूस ते विधान करत असतो. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे कळायला मीमचा अर्थ कसा तयार होतो ते जरा नीट पाहावं लागतं.

मराठी माणसाला यातली मुख्य युक्ती लहानपणापासून ठाऊक आहे. कुणीतरी ‘नाचता येईना’ एवढंच म्हणून थांबतं आणि पुढचं वाकडं अंगण आपण मनातल्या मनात पुरं करतो. म्हण वापरणारा पुरावा देत नाही. अमक्याला काम जमत नाही म्हणून तो हत्यारांना नावं ठेवतोय, हे त्याने दाखवून दिलेलं नसतं. म्हणीचा साचा बसवला की ते दाखवून दिल्यासारखं होतं. आणि उरलेला अर्धा भाग आपणच भरल्यामुळे तो आपल्यालाच सुचलेला विचार वाटतो. मीम नेमकं हेच करतं. अर्धं चित्रात, पाव शब्दांत, आणि उरलेलं पाहणाऱ्याच्या डोक्यात. दुसऱ्याने मांडलेल्या युक्तिवादाशी माणूस भांडतो. आपल्याच मनात उमटलेल्या अर्थाशी तो सहसा भांडत नाही. मीमची ताकद इथे आहे, आणि माझी काळजीही इथूनच सुरू होते.

या ताकदीचं एक सुंदर उदाहरण आमच्याच शहराने दिलेलं आहे. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हा पोलीस उपनिरीक्षक गोविंद चावडा गळ्याएवढ्या पाण्यातून एका लहानग्या मुलीला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून बाहेर आले. तो फोटो पाहून लोकांना वसुदेव आठवला. अनेकांनी शेजारी यमुनेतल्या वसुदेवाचं चित्र जोडून तो पुढे पाठवला, पण जोडलं नसतं तरी चाललं असतं. ज्याला ती कथा माहीत नाही त्याला तिथे एक शूर पोलीस दिसेल. ज्याला माहीत आहे त्याला काळोखी रात्र, कारागृह, दुभंगलेली नदी, सगळंच दिसतं, आणि वर्दीतल्या त्या माणसाला एका क्षणात पुराणातली उंची मिळते. (टबात मुलगी होती आणि वसुदेव कृष्णाला घेऊन गेला होता, म्हणून तुलना जुळत नाही असं कुणी म्हणालं तर त्याने कथा पुरती ऐकलेली नाही. परतीच्या वाटेवर वसुदेवाच्या हातात मुलगीच होती.) तिथलं धाडस खरं होतं, म्हणून लोकांनी चढवलेला अर्थ मला आनंदाने मान्य आहे. पण तेच काम खोट्या किंवा दुष्ट गोष्टीसाठीही तितक्याच सहज होऊ शकतं, कारण वसुदेव फोटोत नव्हता. तो आपण आणला.

प्रत्येक साचा पुराणातून येतो असं नाही. जगभर फिरलेला एक साचा स्पेनमधल्या जिरोना शहरातला आहे. आंतोनियो गिलेम या छायाचित्रकाराने २०१५ साली विक्रीसाठी काढलेला तो फोटो आहे: मैत्रिणीचा हात धरून चाललेला तरुण मागे वळून दुसऱ्याच मुलीकडे पाहतोय आणि मैत्रीण अवाक होऊन त्याच्याकडे पाहतेय. २०१७ साली लोकांनी त्या तिघांवर पाट्या लावायला सुरुवात केली आणि तो सगळीकडे पसरला. तरुणावर ‘मी’, मैत्रिणीवर ‘उद्याची परीक्षा’, दुसरीवर ‘मोबाइल’. हसायला काहीच हरकत नाही.

आता त्याच तिघांवर दुसऱ्या पाट्या लावून पाहू. मैत्रीण ‘मायमराठी’, ती दुसरी ‘इंग्रजी’, आणि वळून पाहणारा तरुण ‘बडोद्यातला मराठी पालक’. अशी पाटी लावलेली चित्रं मला दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास येतात. शहर बदलतं, आरोप तोच. त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द कुठेही लिहिलेला नसतो. तो साच्यातून येतो. चित्रातला तरुण चंचल आहे, म्हणून पालक चंचल. मैत्रिणीवर अन्याय झाला आहे, म्हणून मराठीवर अन्याय. कोणी काही सिद्ध केलेलं नाही, पण न्याय होऊन गेलेला आहे.

मग मी आमच्या दांडिया बाजारातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या घरांकडे पाहते. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, टीव्हीसमोर हिंदी, शाळेत इंग्रजी. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या कुटुंबाच्या मराठीत वाक्याच्या शेवटी गुजराती ‘ने’ येतो, आणि त्याच घरातली आजी चैत्रगौरीचं हळदीकुंकू सोडत नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलनं या शहराने भरवली. गुजरातेत नोकरी करणाऱ्या बापाने मुलीला इंग्रजी शाळेत घातलं तर त्यात पोटापाण्याचा हिशेब आहे, घरातल्या शिल्लक मराठी पुस्तकांची चिंता आहे, मराठी माध्यमाच्या शाळा जवळपास नसण्याची अडचण आहे. यातलं काहीच त्या फोटोत मावत नाही. तीन माणसांच्या फोटोत चार भाषांच्या घराला जागाच नाही. त्या मीमशी वाद घालायचा तर मला तीन परिच्छेद लागतात, आणि मीमला डोळ्याची एक उघडझाप पुरते. म्हणून ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अन्यायकारक आहे, आणि त्यातला अन्याय चित्राच्या निवडीत लपलेला आहे, शब्दांत नाही. मीम वाचायचं म्हणजे आधी साचा वाचायचा, पाट्या नंतर.

एकदा हजारोंनी छापलेलं चित्र चित्रकाराच्या हातात राहत नाही, ही गोष्ट बडोद्याला इंटरनेटच्या पुष्कळ आधी कळलेली आहे. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची १४ चित्रं करवून घेतली. ती राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांना पाहायला मिळाली तेव्हा गर्दी लोटली. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी रविवर्म्याला आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला आधीच दिलेला होता. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघर गेल्या. पुढे त्याच प्रतिमा दिनदर्शिकांवर आल्या, आगपेट्यांवर आल्या, जाहिरातींत आल्या. घरातल्या बायकांनी छापील देवीच्या पदराला खरी जर लावली, टिकल्या चिकटवल्या, कापड डकवलं. आलेल्या चित्रावर आपला अर्थ चढवून ते पुन्हा मांडायचं, ही ऊर्मी आजची नाही, आणि ती मला अतिशय प्रिय आहे. म्हणून मीम म्हणजे पोरखेळ, मीम म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. फरक एवढाच की त्या बाईने जर लावलेली लक्ष्मी तिच्याच भिंतीवर राहिली. ती कोणी लावली, का लावली, हे घरात येणाऱ्याला विचारता येत होतं. आज आपण चढवलेला अर्थ क्षणात अशा घरात पोहोचतो जिथे आपल्याला कुणी विचारू शकत नाही, आणि जिथून आपल्याला काही दिसत नाही.

मीमचा अभ्यास करणाऱ्या लिमोर शिफमन यांनी मीममध्ये आशय, रूप आणि भूमिका असे तीन पदर वेगळे केले आहेत. मला त्यातला तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भूमिका म्हणजे बोलणारा त्या गोष्टीच्या कुठल्या बाजूला उभा आहे. एकच चित्र घेऊन माणसं विरुद्ध बाजूंना उभी राहू शकतात. मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने २००५ साली पेपे नावाचा एक साधाभोळा बेडूक काढला. वर्णद्वेषी टोळक्यांनी तो इतका वापरला की २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषविरोधी संस्थेने त्याची द्वेषचिन्हांच्या यादीत नोंद केली. आणि २०१९ मध्ये हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाही मागणाऱ्या तरुणांनी तोच बेडूक आपलं चिन्ह म्हणून हातात घेतला. बेडकाच्या चेहऱ्यात काही बदललं नव्हतं. म्हणजे अर्थ चित्रात साठवून ठेवलेला नसतो. तो दर वेळी पाठवणारा, घेणारा आणि दोघांमधलं नातं यातून नव्याने ठरतो.

आणि म्हणूनच ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे टिकत नाही. अर्थ जर पाठवणाऱ्यावर अवलंबून असेल, तर पाठवणं ही अर्थाबाहेरची कृती असूच शकत नाही.

घरातलंच उदाहरण घेते. नात्यातल्या मंडळींचा ग्रुप. त्यात एक काका एक चित्र टाकतात: सासू घामाघूम होऊन पोळ्या लाटतेय, सून सोफ्यावर मोबाइलमध्ये. वर काहीतरी चुरचुरीत ओळ. चित्र कुणा अनोळखी माणसाने, कुठल्या तरी अनोळखी सुनेबद्दल केलेलं. देशातल्या लाखो ग्रुपवर ते फिरलेलं असेल. पण या ग्रुपमध्ये दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे. त्या क्षणी ते चित्र अनोळखी राहत नाही. त्यावर तिचं नाव कुणी लिहिलं नाही, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाने ते वाचलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. आता तिने काय करायचं? गप्प बसली तर तिने मान्य केलं. हसली तर स्वतःवरच हसली. आणि ‘काका, हे माझ्याबद्दल आहे का?’ असं विचारलं तर ‘अगं, गंमत केली, तुला का लागलं?’ हे उत्तर तयार असतं, आणि तिच्या विचारण्यातूनच आरोप सिद्ध झाल्यासारखा होतो. सरळ तोंडावर बोललेल्या टोमण्याला उत्तर देता येतं. मीममधल्या टोमण्याला उत्तर देणारा माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. मी अशा मुलीशेजारी बसलेली आहे, तिचा हसरा चेहरा पाहिला आहे, आणि तेव्हापासून ‘गंमत’ या सबबीवरचा माझा विश्वास उडाला आहे.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवायला बंदी केली. तेव्हा अफवांवरून माणसं ठेचून मारली जात होती आणि काहीतरी करणं भाग होतं. हा मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, हे घेणाऱ्याला कळावं एवढाच त्या खुणेचा हेतू. पण व्यवहारात ती खूण पाठवणाऱ्याच्या सोयीची झाली. वर छोटासा बाण आणि तो शब्द दिसला की माणसाला वाटतं, आपली सही त्यावर नाही. माझं म्हणणं उलट आहे. शेकडो गोष्टी आल्या, त्यातली तुम्ही ही निवडली, या माणसांसाठी निवडली, या वेळी निवडली. तुमची सही त्या निवडीत आहे. काकांनी ते चित्र काढलं नव्हतं, पण ते त्या मुलीच्या ताटाशेजारी त्यांनीच नेऊन ठेवलं.

असं म्हटलं की लगेच विचारलं जातं, मग काय कुणाची थट्टाच करायची नाही? करायची. पुराच्या वेळी आमच्या ग्रुपवर आलेली एनओसीची ओळ थट्टाच होती, बोचरी होती, आणि मी ती स्वतः पुढे पाठवली. ती मी म्हटली, आणि आजही म्हणेन. बिल्डरकडे वकील असतो, पालिकेकडे पत्रकार परिषद असते. त्यांना उत्तर द्यायला जागा आहे. ज्या नागरिकाचा अर्ज महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतो, त्याच्या हातातली सहा शब्दांची पाटी हे कधीकधी एकमेव हत्यार असतं. नव्या सुनेकडे, वर्गातल्या जाड मुलाकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे, बोलीवरून चिडवल्या जाणाऱ्या माणसाकडे उत्तर द्यायला जागा नसते. दोन्हींना ‘मीम’ म्हणतात एवढ्यावरून त्या दोन्ही गोष्टी सारख्या होत नाहीत. बलवानाकडे रोखलेली थट्टा आणि घरातल्याच दुबळ्याकडे रोखलेली थट्टा यांत फरक करणं कठीण नाही. आपण तो करायचं टाळतो, कारण दुसरी जास्त स्वस्त पडते.

दुसरं टोक मला याहून भीतिदायक वाटतं. मीम हे विधान आहे असं म्हटल्यावर कुणीतरी उत्साहाने म्हणतो, मग गुन्हे दाखल करा. नाही. पोलीस ठाण्यात मीम वाचता येत नाही, कारण अर्थ ज्या सामायिक आठवणीतून येतो ती आठवण फिर्यादीत लिहिता येत नाही. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यातल्या जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. त्यांनी एक चित्रमालिका ईमेलने आपल्या गृहनिर्माण सोसायटीतल्या लोकांना पाठवली होती. त्या चित्रमालिकेत मुख्यमंत्री ममता बॅनर्जी होत्या आणि सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या मुलांच्या चित्रपटातल्या संवादांची नक्कल होती. त्या चित्रपटात माणूस ‘व्हॅनिश’, म्हणजे गायब, होतो, हे बंगाली घरातल्या पोरालाही पाठ असतं, आणि त्याच आठवणीवर तो सगळा विनोद उभा होता. सत्ताधाऱ्यांच्या बाजूने मात्र त्या शब्दात जिवे मारण्याचा कट वाचला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे कलम ६६ अ लावलं गेलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी प्राध्यापकांची त्या प्रकरणातून सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. एका फॉरवर्डसाठी जवळजवळ अकरा वर्षं.

कोलकात्यापर्यंत जायचीही गरज नाही. मे २००७ मध्ये इथे, सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत, एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून देवदेवतांच्या अवमानाची तक्रार झाली आणि त्याला अटक झाली. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आलं. ती चित्रं परीक्षकांसमोर ठेवलेली होती. ज्यांच्यासाठी नव्हती त्यांनी ती पाहिली, आणि पाहणारा बदलताच चित्राचा अर्थ बदलला. १९५० साली सुरू झालेल्या, देशाला नामवंत चित्रकार देणाऱ्या त्या विद्याशाखेला त्या घटनेने जे घाव दिले त्याबद्दल बोलताना इथली माणसं आजही आवाज खाली आणतात. चित्राचा अर्थ काठीने ठरवायला गेलं की काय होतं हे ज्या शहराने पाहिलं, त्या शहरातून तरी मीमसाठी कायदा मागितला जाऊ नये. धमकी, एखाद्या मुलीच्या फोटोशी केलेली छेडछाड, दंगल भडकवण्याची चिथावणी, यांसाठी कायदे आहेत आणि ते वापरावेत. त्यापलीकडचं काम पोलिसांचं नाही.

मग कुणाचं? शाळेचं, असं मी म्हणते. मी शिकवते, म्हणून हे काम दुसऱ्यावर ढकलतेय असा अर्थ त्यातून निघणार नाही.

बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. नुसतं अक्षर ओळखून भागत नाही, वाचायला काहीतरी हवं, हे ओळखून सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. यातली फारशी कुणी न सांगणारी गोष्ट अशी की त्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलाची (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर टाकणाऱ्या यंत्राची) चित्रं आणि चलचित्रं घेऊन खेड्यांत जायची आणि फुकट दाखवायची. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यापर्यंत ज्ञान चित्रातून न्यायचं, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षांपूर्वी या संस्थानाला कळलं होतं की चित्र हेही वाचायचं असतं. आजच्या माझ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांखालून दिवसभरात पुस्तकाच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त चित्रं जातात, आणि त्यातलं एकही कसं वाचायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही.

नववीच्या वर्गात मी छपरावरच्या मगरीचा तोच फोटो कुठलाही मजकूर न ठेवता फळ्याशेजारी लावला आणि म्हटलं, खाली एक ओळ लिहा. वर्गात गुजराती मुलं आहेत, मराठी आहेत, सिंधी आहेत, बिहारमधून आलेली आहेत. अकोट्यातल्या आणि समातल्या मुलांच्या ओळींत पालिका होती, बिल्डर होता, पाण्यात गेलेली दुचाकी होती. त्याच वर्षी दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका मुलाने डायनासोरवर विनोद लिहिला. चांगला विनोद होता, पण वर्ग हसला नाही, आणि तो मुलगा गोरामोरा झाला. मग त्याला इतरांच्या ओळी समजावून सांगायला मुलं स्वतःहून पुढे झाली. कोणत्या रात्री पाणी चढलं, गाडी कुठे सापडली, आजीला कुणी उचलून वर नेलं, सगळं निघालं. मीमने जे गाळलं होतं ते त्यांनी बोलून भरून काढलं. एका मुलीने विचारलं, मगरीच्या बाजूने कुणीच का लिहिलं नाही? त्यावर तास संपला तरी वाद चालू होता. नदीचं पात्र कुणाचं, हा नागरिकशास्त्राचा धडा मला त्या दिवशी शिकवावा लागला नाही.

नंतर मी त्यांना त्यांच्याच फोनवरची मीम्स आणायला सांगितली. चित्र मुळात कुठलं, त्यात न लिहिलेलं तुम्ही मनाने काय भरलंत, आणि ज्याच्यावर हसताय तो इथे बसला असता तर तुम्ही हेच पाठवलं असतं का, एवढंच विचारायचं. पहिल्या दोन प्रश्नांना हात भराभर वर गेले. तिसऱ्याला बराच वेळ लागला. एका मुलाने आणलेलं मीम एका वर्गमित्राच्या रंगावर होतं, आणि तो मित्र दोन बाक सोडून बसलेला होता. त्या मुलाने ते दाखवलं नाही. माझ्याकडे येऊन ‘दुसरं आणू का?’ एवढं विचारलं. मी हो म्हटलं. याला कुठलाही नवा विषय लागत नाही, पाठ्यपुस्तक लागत नाही, परीक्षा तर मुळीच नको. भाषेच्या तासांपैकी आठवड्यातला एक तास पुरेल. मराठी शिकवणारे, गुजराती शिकवणारे, हिंदी शिकवणारे, सगळ्यांनी तो आपापल्या भाषेत घ्यावा, कारण प्रत्येक भाषेची गाळलेली जागा वेगळी असते. म्हण शिकवताना आपण ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणतो. मीमचा उपयोग मुलं आधीच करताहेत; तो कुणावर करताहेत, एवढंच विचारायचं आहे.

आणि मोठ्यांसाठी तास घ्यायला कुणी येणार नाही, म्हणून घरच्या ग्रुपवर हे काम आपल्यालाच करावं लागेल. सुनेला ते विचारता येत नाही. विचारलं तर तीच अडकते. शेजारच्या माणसाला विचारता येतं. नणंद विचारू शकते, दीर विचारू शकतो, काकूने विचारलं तर सगळ्यांत उत्तम. रागावून नाही, ग्रुप सोडून नाही, भाषण देऊन नाही. ‘काका, हे तुम्ही म्हणताय का?’ एवढं चित्राच्या खाली लिहायचं. काका नाही म्हणाले तर त्यांनी ते काढून टाकावं. हो म्हणाले, तर मग ती गंमत राहिली नाही, आणि आता त्यावर घरात समोरासमोर बोलता येईल.